एलपी-३०: तयार इलेक्ट्रोलाइटच्या बाटलीचे परीक्षण

लिथियम-आयन बॅटरीवर काम करणाऱ्या बहुतेक प्रयोगशाळांच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये (हवा आणि ओलावा बाहेर ठेवणाऱ्या बंद पेटीत) तयार इलेक्ट्रोलाइटची, म्हणजे दोन इलेक्ट्रोडांमध्ये आयन वाहून नेणाऱ्या द्रवाची, अॅल्युमिनियमची एक बाटली असते आणि तिच्यावर बहुधा ‘एलपी-३०’ असे लिहिलेले असते. नवा विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात तिच्यातून पिपेटने थेंब घेऊन नाण्याच्या आकाराचा सेल बांधायला शिकतो, पण ती बाटली कशी निवडावी, कशी ठेवावी आणि तिच्यावर किती विश्वास टाकावा हे त्याला सहसा कोणी सांगत नाही. पुण्यातील आमच्या प्रयोगशाळेत गेली काही वर्षे मी इलेक्ट्रोड आणि इलेक्ट्रोलाइट यांच्या आंतरपृष्ठाचा, म्हणजे घन आणि द्रव जेथे एकमेकांना भिडतात त्या सीमेचा, अभ्यास करतो आहे. या काळात या द्रवाच्या अनेक बाटल्या हाताखालून गेल्या, त्यांपैकी एकीने आमचे दोन महिने वाया घालवले. त्या अनुभवावरून हे परीक्षण लिहिले आहे.

आधी बाटलीत काय आहे ते पाहू. एलपी-३० म्हणजे एथिलीन कार्बोनेट आणि डायमिथाइल कार्बोनेट यांच्या एकास एक मिश्रणात विरघळवलेले लिथियम हेक्झाफ्लोरोफॉस्फेट, संहती १ मोलर. हे नाव मूळचे जर्मनीतील मर्क कंपनीच्या यादीतले आहे. तिचा इलेक्ट्रोलाइटचा व्यवसाय २०१२ मध्ये बीएएसएफकडे गेला, पण नाव इतके रुळले होते की आज कोणत्याही विक्रेत्याकडे ‘एलपी-३०’ मागितले तरी त्याला काय हवे ते कळते. याच कुळात एलपी-४०, एलपी-५० आणि एलपी-५७ आहेत. त्यांत एथिलीन कार्बोनेट कायम असते आणि जोडीचा पातळ द्रव किंवा त्याचे प्रमाण बदलते. येथेच पहिली सूचना द्यावीशी वाटते. काही विक्रेते एकास एक हे प्रमाण आकारमानाने देतात, तर काही वजनाने. एथिलीन कार्बोनेटची घनता साधारण १.३२ आणि डायमिथाइल कार्बोनेटची १.०७ असल्यामुळे आकारमानाने समान घेतलेल्या मिश्रणात वजनाने सुमारे ५५ टक्के एथिलीन कार्बोनेट असते. फरक लहान वाटतो, परंतु दोन विक्रेत्यांच्या बाटल्यांमधून निघालेल्या विद्युतवाहकतेच्या आकड्यांची तुलना करताना तो आड येतो. शोधनिबंधात नुसते ‘एलपी-३०’ लिहून थांबू नये, लेबलवरचे प्रमाण जसेच्या तसे नोंदवावे.

आता हेच मिश्रण का, हा प्रश्न येतो, आणि आंतरपृष्ठाच्या अभ्यासकाला या बाटलीत रस वाटतो तो त्याच्या उत्तरामुळे. ग्राफाइटच्या थरांमध्ये लिथियम शिरू शकते हे ठाऊक असूनही बराच काळ त्याचा ऋण इलेक्ट्रोड होऊ शकत नव्हता, कारण त्या वेळी सर्रास वापरले जाणारे प्रोपिलीन कार्बोनेट लिथियमच्या सोबतीने थरांमध्ये घुसे आणि ग्राफाइटचे पापुद्रे सुटून जात. एथिलीन कार्बोनेट आणि प्रोपिलीन कार्बोनेट यांत फरक केवळ एका मिथाइल गटाचा. तरीही कॅनडातील मोली एनर्जी या बॅटरी कंपनीत काम करणाऱ्या रोझामारिया फाँग, उलरिख फॉन झाकेन आणि जेफ डान यांनी १९९० मध्ये दाखवून दिले की द्रवात एथिलीन कार्बोनेट मिसळले की ग्राफाइट टिकते. त्यानंतर १९९३ मध्ये अमेरिकेतील बेलकोअर प्रयोगशाळेत डॉमिनिक गियोमार आणि जाँ-मारी तारास्काँ यांनी एथिलीन कार्बोनेटला डायमिथाइल कार्बोनेटची जोड देऊन त्यात हेच लवण विरघळवले. एलपी-३० ची पाककृती म्हणायची तर ती तेथली. एथिलीन कार्बोनेट लवण उत्तम विरघळवते, पण घट्ट असते आणि सुमारे ३६ अंश सेल्सिअसच्या खाली गोठते. डायमिथाइल कार्बोनेट पातळ आणि चपळ असते, पण एकटे फारसे लवण आयनांत सुटे करू शकत नाही. दोघे एकत्र आले की खोलीच्या तापमानाला प्रति सेंटिमीटर १० मिलिसीमेन्सच्या वर वाहकता मिळते. (आमच्याकडे सुट्या एथिलीन कार्बोनेटचा डबाही आहे. एप्रिलच्या दुपारी तो पाण्यासारखा हलतो आणि डिसेंबरात मेणासारखा घट्ट बसतो. पुण्याच्या हवेत वितळणांक शिकवायला याहून सोपे साधन मला सापडलेले नाही.)

ग्राफाइट टिकते ते एका पातळ थरामुळे. विभव लिथियमच्या तुलनेत ०.८ व्होल्टच्या आसपास खाली आला की ग्राफाइटच्या पृष्ठभागावर एथिलीन कार्बोनेटचे क्षपण होते, म्हणजे इलेक्ट्रॉन घेऊन ते विघटित होते, आणि त्यातून निघालेले घन पदार्थ तेथेच चिकटून काही नॅनोमीटर ते काही दशक नॅनोमीटर जाडीचा थर तयार होतो. त्याला एसईआय (सॉलिड इलेक्ट्रोलाइट इंटरफेज) म्हणतात. ही संकल्पना तेल अवीव विद्यापीठातील इमॅन्युएल पेलेड यांनी १९७९ मध्ये मांडली. नवा बिडाचा तवा तेल चोळून तापवतात तेव्हा तेल पृष्ठभागावरच विघटित होऊन काळा थर धरते आणि पुढच्या भाकरीला तव्याचे लोखंड भिडू देत नाही, तसेच काहीसे येथे घडते. तवा तयार करताना थोडे तेल खर्च होते, येथे थोडे लिथियम खर्च होते. ग्राफाइटच्या पहिल्या प्रभारणात दिलेल्या विद्युतभारापैकी साधारण दहावा भाग परत मिळत नाही, तो बहुतांशी याच कामी आलेला असतो. थर चांगला असेल तर तो लिथियमच्या आयनांना आरपार जाऊ देतो आणि इलेक्ट्रॉनांना अडवतो, म्हणून दुसऱ्या आवर्तनापासून विघटन जवळजवळ थांबते.

एलपी-३० मध्ये हा थर बनताना स्पष्ट दिसतो, आणि या उत्पादनाचा सर्वांत मोठा गुण म्हणून मी हाच सांगेन. या बाटलीत कोणतेही पूरक द्रव्य घातलेले नसते. ग्राफाइटचा सेल मंद गतीने प्रभारित करून विभवानुसार विद्युतभारातील बदलाचा आलेख काढला की ०.८ व्होल्टपाशी एक ठसठशीत शिखर उमटते आणि दुसऱ्या आवर्तनात ते नाहीसे होते. त्याच बाटलीतील द्रवात दोन टक्के व्हिनिलीन कार्बोनेट मिसळून तोच प्रयोग केला तर हे शिखर दबते आणि त्याहून वरच्या विभवाला निराळी खूण दिसते, कारण व्हिनिलीन कार्बोनेट आधी क्षपित होऊन जागा अडवते. एका दुपारच्या तयारीत विद्यार्थ्याला एवढा फरक स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतो. मोबाइल किंवा वाहनांच्या सेलमधील इलेक्ट्रोलाइटमध्ये अशी अनेक पूरके असतात आणि त्यांचे प्रमाण उत्पादक गुप्त ठेवतात, त्यामुळे एलपी-३० हे बाजारातील सेलचे प्रतिनिधी नव्हे. संशोधकासाठी ती कोरी पाटी आहे, आणि ती त्याच दृष्टीने विकत घ्यावी.

शिवाय या पाटीवर तीस वर्षांचे काम आधीच लिहून ठेवलेले आहे. या द्रवात बनणाऱ्या थरात लिथियम फ्लोराइड, लिथियम कार्बोनेट आणि लिथियमचे सेंद्रिय कार्बोनेट सापडतात हे अनेक पद्धतींनी तपासले गेले आहे. तरीही वाद संपलेला नाही. सेंद्रिय भागातील मुख्य घटक लिथियम एथिलीन डायकार्बोनेट हाच असे वर्षानुवर्षे मानले गेले, आणि २०१९ मध्ये मेरीलँड विद्यापीठ व अमेरिकी लष्कराच्या संशोधन प्रयोगशाळेतील गटाने तो मोनोकार्बोनेट असल्याचे पुरावे मांडले. इतक्या परिचित बाटलीतून बनणाऱ्या थराच्या मुख्य पदार्थाबद्दल असा प्रश्न उभा राहतो, याचा मला दर वेळी नव्याने आनंद होतो. आपण नवीन इलेक्ट्रोड तपासत असू तर निदान द्रवाच्या बाजूने तुलना करायला एवढे साहित्य हाताशी असणे ही फार मोठी सोय आहे.

सेल उघडून पाहण्याचा अनुभवही सांगितला पाहिजे. पूर्ण प्रभारित ग्राफाइटचा सेल ग्लोव्ह बॉक्समध्ये उघडला की आत काळी चकती नसते, पितळेच्या भांड्यासारखी सोनेरी चकती असते, आणि जेथे लिथियम कमी पोहोचले तेथे तांबूस डाग असतात. आमच्या एका विद्यार्थिनीने पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा तिला सेल बिघडला असे वाटले होते. चकती डायमिथाइल कार्बोनेटने हलकेच धुवावी लागते, नाहीतर वाळलेले लवण पृष्ठभागावर राहते आणि क्ष-किरण प्रकाशइलेक्ट्रॉन वर्णपटात फ्लोरिनचे प्रमाण फुगवून दाखवते. फार धुतले तर थरातील विरघळणारे घटकच निघून जातात. आम्ही काही थेंब टाकून दोनदा धुतो आणि प्रत्येक नमुन्यासाठी तेच मोजमाप पाळतो. विभाजक (दोन इलेक्ट्रोडांमधला सच्छिद्र पडदा) म्हणून काचतंतूंचा कागद वापरला असेल तर त्याचे तंतू चकतीला चिकटतात. म्हणून पृष्ठभागाचा अभ्यास करायचा असेल तेव्हा पॉलिप्रोपिलीनचा पातळ विभाजक बरा, त्याला ओले व्हायला थोडा वेळ लागला तरी चालेल.

या उत्पादनाचा दोष लवणात आहे, आणि तो गंभीर आहे. लिथियम हेक्झाफ्लोरोफॉस्फेट कोणत्याच एका गुणात पहिले येत नाही, पण सर्व बाजूंनी निभावून नेते, म्हणून ते टिकून आहे. ते पुरेशी वाहकता देते आणि धन इलेक्ट्रोडखालच्या अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर फ्लोराइडचा थर धरून त्याला झिजू देत नाही. हे दुसरे काम इमाइड प्रकारच्या लवणांना नीट जमत नाही. परंतु हे लवण थोड्या प्रमाणात सतत लिथियम फ्लोराइड आणि फॉस्फरस पेंटाफ्लोराइडमध्ये विभागले जात असते, आणि पेंटाफ्लोराइडला पाणी भेटले की हायड्रोजन फ्लोराइड तयार होते. एका रेणूभर पाण्यातून त्याचे दोन रेणू निघतात, म्हणजे वजनाने पाहिले तर १ मिलिग्रॅम पाण्यातून २ मिलिग्रॅमहून थोडे अधिक. याच कारणाने ही बाटली काचेची नसते, कारण हायड्रोजन फ्लोराइड काच खाते आणि त्या अभिक्रियेत पुन्हा पाणी बाहेर पडते.

आमचे दोन महिने गेले ते यामुळे. जून महिन्यात मागवलेली एक बाटली विक्रेत्याच्या आणि वाहतुकीच्या साखळीत कोठेतरी बरेच आठवडे अडकून पडली आणि ऐन पावसाळ्यात हातात आली. बाहेरची सीलबंद पिशवी शाबूत दिसत होती. सोबतच्या दाखल्यावर पाणी २० पीपीएमपेक्षा (दहा लाखांत २० भागांपेक्षा) कमी आणि आम्लता ५० पीपीएमपेक्षा कमी असे नोंदलेले होते, पण तो दाखला कारखान्यातून निघाल्या दिवसाचा होता. पहिला थेंब पांढऱ्या विभाजकावर पडला तेव्हा त्याला किंचित पिवळसर झाक होती. ताजे एलपी-३० पाण्यासारखे नितळ असते. मी ती झाक पाहिली आणि दुर्लक्ष केले, याची खंत आजही आहे. आमची एक विद्यार्थिनी त्या वेळी मँगॅनीज स्पिनेल या धन इलेक्ट्रोडच्या पदार्थावर अॅल्युमिनाचा लेप देऊन तो ४५ अंशांना किती टिकतो हे पाहत होती. सेलची क्षमता भराभर घसरू लागली, लेपाची जाडी बदलली, भाजण्याचे तापमान बदलले, काहीच फरक पडेना. अखेर वापरलेल्या ऋण इलेक्ट्रोडवर मँगॅनीज सापडले. आम्लामुळे मँगॅनीज विरघळून पलीकडे जाते आणि तेथील संरक्षक थर बिघडवते, ही या पदार्थाची जुनी व्याधी आहे. आम्ही कार्ल फिशर पद्धतीने पाणी तपासले आणि आम्लाचे अनुमापन केले. आम्लता दाखल्यावरील मर्यादेच्या कितीतरी पट निघाली. नव्या बाटलीतील द्रवाने तेच जुने लेप दिलेले इलेक्ट्रोड लावले आणि ते व्यवस्थित चालले. विक्रेत्याने बाटली बदलून देण्यास नकार दिला, कारण सील आम्ही उघडले होते. सील न उघडता तपासणी करायची कशी, याचे उत्तर मिळाले नाही.

तेव्हापासून प्रत्येक नव्या बाटलीवर आम्ही उघडल्याची तारीख लिहितो आणि ज्याचे वर्तन पक्के माहीत आहे अशा ग्राफाइटच्या एकाच साठ्यातील चकतीचे तीन सेल बांधतो. त्यांच्या पहिल्या आवर्तनाचे आकडे मागील बाटलीशी जुळले तरच ती कामाला लागते. शंभर मिलिलिटरहून मोठी बाटली घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. मोठी बाटली प्रति मिलिलिटर स्वस्त पडते, पण एका सेलला ५० ते १०० मायक्रोलिटर लागत असताना ती संपेपर्यंत वर्ष उलटते आणि झाकण शेकडो वेळा उघडले जाते. ग्लोव्ह बॉक्समध्ये पाणी १ पीपीएमच्या खाली असले तरी आत आणलेली पिपेटची टोके, विभाजक आणि इलेक्ट्रोड नीट वाळवलेले नसतील तर ओलावा त्यांच्यासोबत येतो. जुलैत आम्ही विभाजक निर्वात भट्टीत रात्रभर ठेवतो आणि ते थेट आत घेतो, मधल्या टेबलावर पाच मिनिटेही ठेवत नाही.

घरी, म्हणजे प्रयोगशाळेतच, मिश्रण बनवावे का असे अनेक जण विचारतात. पूरके आणि प्रमाणे सतत बदलायची असतील, तर कोरडे लवण आणि शुद्ध द्रव वेगवेगळे घेणे अधिक उपयोगाचे आहे. मात्र लवण द्रवात हळूहळू घालावे लागते, विरघळताना उष्णता निघते आणि घाई केली की मिश्रण त्याच क्षणी पिवळे पडते. ज्यांचे मुख्य काम इलेक्ट्रोडचे आहे त्यांनी तयार बाटलीच घ्यावी.

ही बाटली कशासाठी घेऊ नये हेही स्पष्ट लिहितो. ग्राफाइट, लिथियम आयर्न फॉस्फेट आणि सामान्य विभवापर्यंत चालवलेले कोबाल्ट-निकेलचे ऑक्साइड यांच्यासाठी ती योग्य आहे. सिलिकॉनसाठी एकटी पुरत नाही. सिलिकॉन प्रभारित होताना सुमारे तिप्पट ते चौपट फुगतो, वरचा थर तडकतो, उघडा पडलेला पृष्ठभाग पुन्हा द्रव खातो. फ्लोरोएथिलीन कार्बोनेट घातल्याने आयुष्य वाढते, पण ते संपले की सेल अचानक कोसळतो. ४.५ व्होल्टच्या पुढे जायचे असेल तर कार्बोनेटांचे ऑक्सिडीभवन सतावते. साठ अंशांवर प्रदीर्घ चाचणी करणाऱ्यांनी लवणाचे विघटन गृहीत धरूनच निष्कर्ष काढावेत. विदर्भातील मे महिन्यात उन्हात उभ्या दुचाकीचा विचार करणाऱ्या अभ्यासकाला हा मुद्दा दूरचा वाटणार नाही. सोडिअम-आयनवर काम करणाऱ्यांना तर लवणच वेगळे लागते. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने आयसर पुणे या विज्ञान संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेले सोडिअम-आयन तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केल्यापासून आमच्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांत सोडिअमची ओढ वाढली आहे. त्यांना मी आधी हेच सांगतो की सोडिअमचा संरक्षक थर कार्बोनेट द्रवात अधिक विरघळतो, म्हणून एलपी-३० वर शिकलेले सारे तेथे जसेच्या तसे लागू पडत नाही.

दोन चुका मात्र बाटलीच्या नसून वापरणाऱ्यांच्या आहेत, आणि त्या इतक्या वेळा दिसतात की येथे नोंदवणे भाग आहे. पहिली म्हणजे नाणे-सेलमध्ये द्रवाचा पूर. ३ मिलिअँपिअर-तासांच्या सेलमध्ये ८० मायक्रोलिटर द्रव घातला तर प्रति अँपिअर-तास सुमारे ३५ ग्रॅम होतो, तर व्यापारी सेलमध्ये तो २ ते ३ ग्रॅमच असतो. थर दर आवर्तनात द्रव खात असेल तर व्यापारी सेल लवकर कोरडा पडेल आणि आपला सेल शेकडो आवर्तने शांतपणे चालत राहील. दुसरी चूक प्रतिबाधेच्या, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाला सेल करत असलेल्या विरोधाच्या, आलेखाची. धातुरूप लिथियमसमोर बांधलेल्या सेलमध्ये दिसणारे अर्धवर्तुळ पुष्कळदा आपल्या इलेक्ट्रोडचे नसते, ते एलपी-३० मध्ये लिथियमवरच बसलेल्या थराचे असते. लिथियमच्या दोन चकत्यांचा समसेल त्याच बाटलीतून बांधून त्याचा आलेख शेजारी ठेवला की कोणाचे काय ते लगेच कळते. याला फार तर तासाभराचा वेळ लागतो. परीक्षक म्हणून आलेल्या हस्तलिखितांत मी हा आलेख नेहमी मागतो.

पुढील खरेदीत आम्ही शंभर मिलिलिटरच्या दोन बाटल्या मागवल्या आहेत, वेगवेगळ्या उत्पादन-गटांच्या. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात पोहोचवाव्यात आणि दाखल्यावर उत्पादनाची तारीख असावी, या दोन अटी मागणीपत्रातच लिहून दिल्या आहेत.